सहाव्या गुणसूत्राच्या मॅडम

"नाव पाठ करू नका, जागा दाखवा," असं म्हणत मॅडम विद्यार्थ्याच्या हातात खडू द्यायच्या. फळ्यावर सहावं गुणसूत्र काढलेलं असे. त्याच्या आखूड भुजेवर बोट टेकवून त्या सांगत, शरीराची राखण करणारी किती तरी जनुकं इथं शेजारीशेजारी आहेत. तरुणपणी हैदराबादच्या प्रयोगशाळेत, कुटुंबंच्या कुटुंबं तपासून, ती नेमकी कुठं बसतात हे शोधायच्या कामात त्या होत्या. पुढं जालन्याला आमच्या कॉलेजात आल्या. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, सगळं बोलणारं आणि माहेर निघालं की गप्प होणारं. मॅडमनी एका बौद्ध सहकाऱ्याशी लग्न केलं, तेव्हापासून घनसावंगीच्या एकुलत्या धाकट्या भावानं बोलणं तोडलं होतं. वडील गेल्याचा निरोपसुद्धा माती झाल्यावर आला.

एका दुपारी त्या भावाची बायको स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "अक्का, यांच्या हाडात रक्तच बनून न्हाई राह्यलं. डॉक्टर म्हणले, हाडातला मगज द्यायला सख्खं भावंड बघा." नवऱ्याला न सांगता आली होती ती. मॅडमनी फक्त दवाखाना कुठला ते विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीसाठी रक्त देऊन आल्या.

फळ्यावरच्या त्या जनुकांचा आईकडून एक संच, बापाकडून एक. म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. हे त्या वर्षानुवर्षं हजेरी घ्यावी तितक्या सहज शिकवत. त्या आठवड्यात मात्र वर्गातून अर्ध्यातच परत आल्या. "हा धडा तुम्ही घ्या," मला म्हणाल्या. मी घेतला.

फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "जुळलं," मॅडम म्हणाल्या. चेहरा तसाच होता. "आता त्याला सांगावं लागंल."

छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात मी त्यांच्यासोबत गेले. भाऊ वाळून गेला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यानं भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "तू दे. पण त्यांना इथं आणू नको."

मॅडमचे यजमान खाली गाडीपाशी उभे होते. मला वाटलं, आता या माघारी फिरणार. मॅडमनी खाटेची दांडी धरली.

"मी देणार, हे पक्कं. अन् ते येणार, हे बी पक्कं."

भावानं डोळे मिटले. त्याची बायको उठली, खाली गेली आणि यजमानांना वर घेऊन आली. मॅडमच्या हाडातल्या पेशी भावाच्या अंगात गेल्या त्या दिवसापासून ते खोलीबाहेरच्या बाकावर बसून असत.

पेशी रुजतील की भावाच्याच शरीरावर उलटतील, हे कळायला वेळ होता. आम्ही सगळे डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचो. मॅडम बघायच्या नाहीत. काय काय बिघडू शकतं, ते त्यांना पाठ होतं. "मला यातलं काही ठाऊक नसतं तर बरं झालं असतं," एवढंच एकदा म्हणाल्या.

पेशी रुजल्या.

बऱ्याच महिन्यांनी भाऊ आणि त्याची बायको जालन्याला जेवायला आले. मलाही बोलावलं होतं. त्याचा रक्तगट आता बहिणीचा झाला होता. मॅडमनी तसं सांगितलं, त्यानं मान हलवली. यजमान वाढत होते. ताटावरची नजर न काढता भाऊ म्हणाला, "दाजी, अर्धी भाकर द्या."

टोपलीवरचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी अख्खी वाढली. मॅडम पाणी आणते म्हणून उठल्या. आत नळ बराच वेळ चालू होता.