जुन्या ग्राहकांचे अप्पा

"आलं का?"

गच्चीच्या कडेला उभं राहून, एक हात डिशच्या काठावर ठेवून अप्पा हे विचारायचे. आवाज गल्लीभर जायचा, पण हात अगदी हलका असायचा, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. खालून घरातलं कुणीतरी ओरडायचं, "आलं! आलं!" आणि लगेच, "गेलं!" तुमच्या घरावर कधी डिश बसली असेल, तर हा संवाद तुम्हीही ऐकला असेल. लातूरजवळच्या आमच्या मुरुडला डिशला छत्री म्हणतात आणि गावातल्या बहुतेक छत्र्या अप्पांनी बसवलेल्या आहेत.

शेवटचं "आलं" ऐकलं की दुसरे कारागीर पाना पिशवीत टाकतात आणि निघतात. अप्पा खाली यायचे, दारात चप्पल काढायचे, टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि एक जाहिरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचे. मगच उठायचे. जाहिरातच कशाला, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं.

"मालिकेत बाया रडून राहतात, माय. त्यात चित्र हललं तरी कुणाला कळत न्हाई. जाहिरातीत समदं चकचकीत असतंय. डाग असला तर तिथंच दिसतो."

बस स्टँडच्या मागे त्यांचं छत्र्यांचं आणि रिचार्जचं छोटं दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा आणि खिशात पेनाच्या जागी टेस्टर. दुकानात समोरच एक टीव्ही दिवसभर चालू असायचा, नमुना म्हणून. बसची वाट बघणारे लोक तिथेच उभे राहून क्रिकेट बघायचे. कुणी काही विकत घ्यायचं नाही आणि अप्पा कुणाला हटकायचे नाहीत.

मी लातूरला कॉलेजला जाते, कॉमर्सला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी कुणाला सांगता येत नाही. आई शेजारणींना एवढंच सांगते, "ती लातूरला जाती." दुपारच्या बसने परत आले की संध्याकाळपर्यंत मी अप्पांच्या दुकानात बसायचे. माझं काम एकच होतं, डिशच्या कंपनीशी फोनवर बोलायचं. मला वाटतं अप्पांना ते जमत नव्हतं असं नाही. त्यांना ते सहन होत नव्हतं.

फोन लागला की आधी एक गोड आवाज सांगायचा, आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात. मग गाणं लागायचं आणि ते लांबतच जायचं.

"मौल्यवान म्हणून राहिली," अप्पा म्हणायचे, "आन् उचलून न्हाई राहिली."

तक्रारी बहुतेक एकाच प्रकारच्या असायच्या. एखाद्या घरात वर्षानुवर्षं चाललेला टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स बंद पडायचा. नवीन ग्राहकाला तोच बॉक्स, छत्री आणि बसवणी जवळजवळ फुकट मिळायची. जुन्याला मात्र बॉक्सची पूर्ण किंमत, माणूस घरी येण्याचे पैसे, वर आणखी कसलंतरी शुल्क. मी फोन स्पीकरवर ठेवायचे आणि अप्पा बाजूला उभे राहून ऐकायचे.

"सर, ही ऑफर फक्त नवीन ग्राहकांसाठी आहे," पलीकडचा मुलगा सांगायचा.

"मंग जुन्यासाठी काय हाय?"

"सर, जुन्या ग्राहकांसाठी आमची सेवा आहे ना."

त्या मुलाचा तरी काय दोष, असं मला वाटायचं. तोही कुणाच्या तरी घरातला पहिलाच असेल, समोरच्या कागदावरचं वाचत असेल. आमच्या पुस्तकात एक धडा होता. नवा ग्राहक मिळवण्यापेक्षा जुना टिकवणं धंद्याला जास्त फायद्याचं असतं, असं त्यात होतं. मी तो उतारा अप्पांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "कंपनीवाल्याचं पुस्तक येगळं असंल."

मग अप्पांनी स्वतःच एक वाट काढली. जुन्या माणसाला कुणी विचारत नसेल, तर त्याला नवा करायचं. बाबांच्या नावावरचं कनेक्शन सोडून द्यायचं आणि आईच्या नावाने नवं घ्यायचं. तो बॉक्स गेला की थोरल्या मुलाच्या नावाने, मग सुनेच्या. छत्री तीच, भिंत तीच, फक्त नाव नवं. ग्राहक दुकानात आला की अप्पा हसून म्हणायचे, "चला, नवं होऊन टाका!" आणि खरंच त्याच्या हातावर एक पेढा ठेवायचे. पांढऱ्या मिशांचे म्हातारे पेढा खात, लाजत नवे ग्राहक व्हायचे.

यातून गमतीही झाल्या. एका घरात सून सासऱ्यांच्या हातून रिमोट काढून घ्यायला लागली. "कनेक्शन माझ्या नावावर हाय, मामा. आता माझी मालिका लागणार." सासरे तणतणत दुकानात आले. "अप्पा, मला परत नवं करा!" अप्पांना हसू आवरेना. "मालक, तुमचं नाव वापरून झालंय. आता नातू मोठा व्हायची वाट बगा."

आमच्या गल्लीतल्या अक्कांचा बॉक्स गेला, तेव्हा मात्र पेढा तसाच राहिला. अक्का अंगणवाडीत मदतनीस होत्या. आता निवृत्त, घरात एकट्याच. मुलगा पुण्याला असतो. पहाटे त्यांच्याकडे कीर्तनाचं चॅनल लागायचं, त्यावरून गल्लीला सकाळ झाल्याचं कळायचं.

"अक्का, पोराच्या नावानं घेऊ," अप्पा म्हणाले. "नवं होऊन टाका."

"मी नवी कामून होऊ?"

"तसं केलं की बॉक्स फुकट मिळतंय."

"माजं काय चुकलंय का? कदी रिचार्ज चुकला का माजा?"

"न्हाई ओ. चुकायचा प्रश्न न्हाई. त्यांचा नियमच तसा हाय."

अक्का स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. "घर दिराच्या नावावर हाय. गॅस पोराच्या नावावर. लाईटबिल अजून सासऱ्याच्या नावानं येतंय. ह्ये एक टीव्हीचं तेवढं माज्या नावाचं हाय, अप्पा. ते बी काढता व्हय?"

अप्पांनी मला खुणेनेच फोन लावायला सांगितला. त्या दिवशी ते कंपनीशी स्वतः बोलले. आधी नियम विचारला, मग विनंती केली, मग आवाज चढला. शेवटी पलीकडून फोन कटला. अक्का घरी गेल्या. अप्पा बराच वेळ दुकानातल्या टीव्हीकडे बघत बसले. "लई हट्टी बाई हाय," असं दोनदा म्हणाले. मग उठले, नमुन्याच्या बॉक्सची वायर काढली आणि तो फडक्यात गुंडाळला.

"ह्येचा नंबर अक्काच्या नावाखाली चढवायचा. फोन लाव."

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीत पुन्हा कीर्तन ऐकू आलं. दुकानातला टीव्ही मात्र काळा झाला. बसची वाट बघणारे लोक थोडे दिवस सवयीने त्याच्यासमोर येऊन उभे राहायचे, मग यायचे बंद झाले.

पुढच्या महिन्यात कंपनीचे नवे साहेब नांदेडहून आले. वयाने माझ्याहून थोडे मोठे असतील, बोलायला सभ्य. आल्याआल्या त्यांचं लक्ष काळ्या टीव्हीकडे गेलं. "अप्पा, डेमोचा बॉक्स कुठे आहे?"

अप्पांना खोटं बोलता आलं नाही. "एका जुन्या ग्राहकाला दिला."

साहेबांनी लॅपटॉप उघडला. त्या बॉक्सचा नंबर शोधता शोधता त्यांना बाकीचंही दिसत गेलं. ज्या घरातलं जुनं कनेक्शन बंद, त्याच घरात नवं चालू. प्रत्येक गल्लीत तेच. ते रागावले नाहीत. उलट ओशाळल्यासारखे झाले. "अप्पा, मला हे वर कळवावं लागेल," एवढंच म्हणाले.

आठवड्याभरात अप्पांचा आयडी बंद झाला. आयडी नाही म्हणजे रिचार्ज नाही, नवं कनेक्शन नाही. म्हणजे दुकानच नाही. गावात कंपनीचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हापासून अप्पा त्यांचं काम करत होते. पहिल्या छत्र्या त्यांनी लुनाच्या मागे बांधून खेडोपाडी नेल्या होत्या.

साहेब पुन्हा आले, या वेळी स्वतःहून. माझ्यासमोरच अप्पांना म्हणाले, "मी एक सुचवू का? नांदेडला तुमची मुलगी आहे ना, तिच्या नावाने अर्ज करा. सध्या नवीन विक्रेत्यांसाठी योजना चालू आहे. बोर्ड, जाकीट, डेमोचा बॉक्स, सगळं फुकट मिळेल. दुकान हेच, काम तुम्हीच करा. फक्त नाव नवं."

अप्पा आधी मोठ्याने हसले. मलाही हसू आलं. गावभर जे ते सांगत आले होते, तेच शब्द आता त्यांच्याकडे परत आले होते. मला वाटलं, आता ते पेढा मागवतील.

पण त्यांचं हसू हळूहळू विरलं. सदऱ्याच्या खिशातला टेस्टर त्यांनी काढला, उगाच फिरवला आणि परत ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "मी नवा कामून होऊ?"

साहेबांना वाटलं, ते कारण विचारत आहेत. ते पुन्हा योजना समजावून सांगू लागले. मी मान खाली घातली. हे वाक्य याच दुकानात मी आधी अक्कांच्या तोंडून ऐकलं होतं.

अक्कांच्या कानावर ही गोष्ट जायला वेळ लागला नाही. त्या बॉक्स पिशवीत घालून दुकानात आल्या. "ह्ये घ्या. परत लावा हितं. माज्यापायी तुमचं दुकान जाऊन राहिलं."

"तुमच्यापायी न्हाई, अक्का. ते जायाचंच होतं."

"मंग मी बी नवी होते. लिवा पोराचं नाव."

अप्पांनी पिशवी त्यांच्या हातात परत दिली. "तुमचं नाव हाय तसं ऱ्हाऊ द्या. माजं तर गेलंच, गावात कुणाचं तरी राहिलं पायजे."

दिवाळीआधी दुकान बंद झालं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. अप्पा मुलीकडे नांदेडला राहायला गेले. मी अधूनमधून फोन करते. एकदा विचारलं, तिकडे टीव्हीचं कसं काय? "हितं समदं वायफायवर हाय, माय," ते म्हणाले. "छत्रीच न्हाई. गच्चीवर जाऊन राहतो, आन् हवा खाऊन खाली येतो."

मागच्या आठवड्यात मोठी वावटळ आली. संध्याकाळी अक्कांनी मला हाक मारली. त्यांची छत्री फिरली होती. कंपनीच्या नव्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, यायचे पैसे पडतील, आणि परवाशिवाय जमणार नाही. मी शिडी लावून वर गेले. हे काम मी कधीच केलं नव्हतं, फक्त पाहिलं होतं. शेजारच्या छत्र्या कुठे वळल्या आहेत ते बघितलं, काठावर हात ठेवला आणि हळूच फिरवत गेले.

"आलं का?" मी ओरडले. माझा आवाज गल्लीभर गेला नाही.

"न्हाई!" थोड्या वेळाने, "आलं! गेलं!" आणि मग बऱ्याच वेळाने, "आलं बग!"

नट आवळून मी खाली आले. शिडी उचलून घरी जाणार होते, पण अक्का दारातच उभ्या होत्या. मला आत येता यावं म्हणून त्या बाजूला झाल्या. मी चप्पल काढली आणि आत जाऊन टीव्हीसमोर जमिनीवर बसले.

जाहिरात लागली, कंपनीचीच. एक हसरं कुटुंब, नवा बॉक्स, नव्या ग्राहकांचं मनापासून स्वागत.

"ह्ये आपल्याला न्हाई," अक्का म्हणाल्या. तरी आम्ही दोघींनी ती शेवटपर्यंत बघितली. कुठेही डाग नव्हता.

"अप्पाला फोन लाव," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना, चित्र साफ हाय."