सरत्यावरची जाऊ

आमच्या जऊळक्याकडच्या शिवारात आता जवारी फारशी कोणी पेरत नाही, जिकडेतिकडे सोयाबीन. रासायनिक खत बंद केलं त्या वर्षी मात्र आम्ही बांधालगतच्या तुकड्यात जवारी आणि मूग सोबत पेरायचं ठरवलं. मुगानं जमिनीला बळ येतं, जवारीला पोत्यातलं खत घालावं लागत नाही.

अशा पेरणीला तिफणीमागे दोन बाया लागतात. एक चाड्यात जवारी सोडते, दुसरी मागं दोरीनं बांधलेल्या सरत्याच्या नळीतून मूग. त्या दिवशी गावातल्या साऱ्या बाया कपाशी लावायला गेलेल्या. नवरा म्हणाला, "आज राहू दे."

"ओल निंगून जाईन. मीच पाहीन दोन्ही."

बांधापलीकडं मोठ्या जावेचं वावर. वाटणीनंतर विहिरीच्या पाळीवरून शब्द वाढले होते, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. ती तिच्या वावरात उभी राहून पाहत होती. मी एका हातानं चाडं, दुसऱ्या हातानं सरतं सांभाळत चालले होते. वळणावर माझा तोल गेला आणि ओटीतला मूग मातीत सांडला.

मी खाली बसून वेचू लागले. मान वर केली तर जाऊ बांध ओलांडून आलेली. पदर खोचून तिनं सरतं हातात घेतलं.

"दोन हातांनं दोन बियाणे सुटतात काय व? चाल, बैलं उभे हायेत."

मी ओटी सावरून चाड्याशी उभी राहिले. नवऱ्यानं हळूच बैलं हाकली. उन्हं चढेपर्यंत आम्ही दोघी चालत राहिलो, फक्त "हळू" नाहीतर "थांब" एवढंच बोलत. न्याहारीला मात्र तिनं माझ्या फडक्यातली भाकरी न विचारता मोडून घेतली.

मुगाच्या शेंगा तोडायला आल्या, तेव्हा जाऊ तापानं निजून होती. मी नव्या मुगाचं कढण केलं आणि वाटणीनंतर पहिल्यांदा तिचा उंबरा ओलांडला.

"तुमी कायले उठता? निजूनच घ्या ना."

तरी ती भिंतीला टेकून बसली. घोटभर प्याली. "मीठ कमी पडलं व," म्हणाली.

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिनं वाटी माझ्यापुढं सरकवली. "तूच पाह्य पिऊन."

उरलेलं कढण आम्ही दोघींनी त्याच वाटीतून संपवलं.