बरणीतला पाऊस

अकरावीला मी भूगोल घेतला, त्यामागे डोंगर-नद्यांची ओढ वगैरे काही नव्हती. भूगोलाला प्रात्यक्षिक असतं आणि प्रात्यक्षिकाचे मार्क हातचे असतात, हे केजमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं. माझं गाव धारूरकडच्या डोंगरात, पण शिकायला मी केजला आत्याकडं राहायचे.

भूगोलाचे सर कोल्हापूरकडचे. तिकडं पर्जन्यमापक भरून वाहतो असं ते सांगायचे, आणि थापा मारणाऱ्या पाहुण्याकडं बघावं तसं आम्ही त्यांच्याकडं बघायचो. त्यांनी मोठ्या हौसेनं कॉलेजच्या मैदानात कुंपण घालून एक पर्जन्यमापक बसवला. पत्र्याचं नरसाळं, आत बाटली, मोजायला रेघा मारलेलं काचेचं भांडं. आत्याचं घर जवळ, म्हणून रोज सकाळी नोंद घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्या वर्षी पावसानं अशी पाठ फिरवली होती की मी रोज कुलूप काढायचे, कोरडी बाटली अदबीनं उलटी करायचे आणि लिहायचे, 'निरंक'. शून्य हीसुद्धा नोंद असते, असं सर म्हणायचे. त्यांच्याकडं म्हणण्यासारखं दुसरं होतंच काय?

कॉलेजच्या मागच्या माळावर शेजारच्या गावातल्या सहकारी सोसायटीनं चारा छावणी उघडली होती. जनावरांना उसाचं वाडं, पेंड, टँकरचं पाणी, आणि जनावरांमागं घरचं एक माणूस मुक्कामाला. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, आमची बैलजोडी चालवत तिथं घेऊन आले. खरं तर त्यांचा तिथं हक्क नव्हता. छावणीत आधी सभासदांची जनावरं, आणि दादा ना त्या गावचे ना त्या सोसायटीचे. जागा मिळाली नाही तर जोडी बाजारात उभी करायची, हे घरून ठरूनच आलं होतं. त्यातला एक बैल वासरू असताना माझ्या हातचं खायचा, त्यामुळं ते ठरणं मला मुळीच मान्य नव्हतं. सोसायटीच्या चेरमननं "बघू" म्हणत एका रात्रीपुरती जोडी बांधू दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा डबा घेऊन निघाले आणि वाटेत नोंद घ्यायला थांबले. कुंपणापलीकडं छावणीतली माणसं दात घासत उभी होती. दादा त्यांना सांगत होते, "माजी लेक हाय. समद्या तालुक्याचा पाऊस तीच मोजती."

"मजी दुष्काळ हाय का न्हाई, ते हिच्यावरच?" एकानं विचारलं.

"मग?" दादा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा खरंच तसा समज होता.

मी म्हटलं, हे प्रात्यक्षिकापुरतं आहे, सरकारचा पर्जन्यमापक तहसीलमध्ये असतो. त्यावर सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. सरकारी माणूस उघड थोडंच कबूल करणार, असा त्यांचा चेहरा होता. संध्याकाळी बघते तर आमच्या बैलांना पत्र्याच्या सावलीतली जागा मिळालेली.

मग माझा थाटच बदलला. डबा घेऊन गेले की खुर्ची यायची, चहा यायचा, आणि माझ्या दुप्पट वयाची माणसं "आज काय, ताई?" असं विचारायची. मी "निरंक" म्हटलं की छावणी निवांत व्हायची; पाऊस नोंदला गेला की दुष्काळ संपला आणि छावणी बंद, असा त्यांचा हिशेब. एका म्हाताऱ्यानं पर्जन्यमापकाची ती बरणी लिंबाच्या झाडाखाली सरकवायची सूचना केली. तो म्हणाला, "पाऊस लई पडू दे, पर बरणीत नको." दादांच्या अंगावर तर मूठभर मांस चढलं. पहिल्या दिवशी हात जोडून उभे असलेले दादा आता पायावर पाय टाकून बसायचे. मी पुन्हा एकदा त्यांना खरं सांगायला गेले, तर म्हणाले, "तुला न्हाई कळायचं. मी हितं फुकट ऱ्हात न्हाई. तुजा यांना उपेग हाय." त्यानंतर मी तोंड बंद ठेवलं. बैल सावलीत होते ना, मग झालं.

आणि मग सरांनी क्षेत्रभेट जाहीर केली. विषय, 'दुष्काळ आणि सहकार'. ठिकाण, ती छावणी. सरांना थंडीताप यावा म्हणून मी मनापासून प्रार्थना केली, पण सर ठणठणीत. सगळा वर्ग माळावर गेला. चेरमन चारा कुठून येतो ते सांगत होते, आम्ही लिहून घेत होतो, आणि माझं सगळं लक्ष सरांच्या तोंडाकडं.  पण बोलले ते दादाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "सर, माज्या लेकीची नोंद सरकारात रोज जाती का येक दिसाआड?"

सरांना खोटं बोलता येत नसे, आणि थोडक्यात बोलणं तर त्याहून नाही. ही नोंद फक्त वहीत राहते, तिला मार्क मिळतात, सरकारशी तिचा काडीचाही संबंध नाही, हे त्यांनी फळ्यावर शिकवावं तसं नीट समजावून सांगितलं. मला मान वर करवेना. दादांचा चेहरा पडला.

तंबाखू मळता मळता चेरमन म्हणाले, "ठावं हाय आमाला. दुसऱ्याच दिशी तहसीलमधी इचारून आलतो."

दादा म्हणाले, "मग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर तू थांबला असतास?"

दादा उठले आणि बैलाचं दावं सोडायला लागले. "मी सभासद न्हाई. फुकटचं खाऊ घालायचं न्हाई मला," एवढंच म्हणाले. आमचा अख्खा वर्ग पेनं हातात धरून उभा होता. आता ही जोडी थेट बाजारात जाणार, या विचारानं मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

चेरमन जागचे हलले नाहीत. "येकट्यायेकट्याचं भागलं असतं," ते म्हणाले, "तर सोसायटी कशापायी काढली असती आमी?"

 दादा खाली बसले, हातातलं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं आणि चेरमनकडं न बघताच म्हणाले, "मग मला काम सांगा."