धाकू हवालदाराची फळी

कल्याणात बदलून आल्यावर सहा महिन्यांच्या आत मी नाव कमावले, ते एका घोड्याला ऊन दुधाने न्हाऊ घालून.

त्याचे असे झाले. कल्याण स्टेशनातून बाहेर पडले की दुर्गाडीच्या बंदराकडे जाणारा रस्ता लागतो. भिवंडीला जायचे तर तिथे होडीने खाडी उतरावी लागते. ओहोटी लागली की होडी चिखलात बसते, आणि मंडळी काठावर एकमेकांची तोंडे पाहत बसतात. म्हणून आगगाडीतून उतरलेला भिवंडीकर जो धावत टांग्यात चढतो, तो बंदरावरच उतरतो; मध्ये खाली पाय ठेवत नाही. आगगाडी कल्याणात येऊन तीसेक वर्षे झाली, पण तिचे वेळापत्रक आणि खाडीचे वेळापत्रक यांची अजून गाठ पडलेली नाही.

या रस्त्यावर श्रीपादभटांचे दुधाचे दुकान. दूध फार चांगले, केशर घातलेले, पितळी पेल्यात. पण दुकानापुढून हे एवढे रुंद गटार. टांगा गटारापलीकडे उभा राहायचा, श्रीपादभट खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर यायचे, गिऱ्हाईक टांग्यातून कमरेपर्यंत बाहेर लोंबायचे, आणि जमले तर पेला या हातातून त्या हातात जायचा.

मी भिवंडीला एका लग्नाला निघालो होतो. मी हात लांबवला, भटजींनी एका हातात भरलेली चरवी सांभाळत दुसऱ्या हाताने पेला पुढे केला. मध्ये वीतभर अंतर उरले. ते मी झेप घेऊन कापले. पेला चुकला आणि हातात आली ती चरवीची कडी. चरवी घोड्याच्या पाठीवर, मी गटारात, आणि घोडा माझ्या छत्रीसह नि लग्नाच्या आहेरासह बंदराकडे. आहेर लग्नाला पोचला. मी पोचलो नाही.

"मास्तर," टांगेवाला दुसऱ्या दिवशी म्हणाला, "घोड्याला तोंडानं पाजत्यात." मी टपालकचेरीतला साधा कारकून, पण त्या गावात लिहिणाऱ्या प्रत्येकाला मास्तर म्हणत.

श्रीपादभट मात्र रडकुंडीला आले होते. "रोज दोन-तीन पेले या गटाराच्या घशात जातात. काल चरवी गेली. उद्या मी जाईन." केले मीच, तेव्हा उपाय शोधणेही मला भाग होते. आणि मला धाकूची आठवण झाली.

धाकू सफरमैना पलटणीतला पेन्शनर. ही पलटण फौजेच्या पुढे जाऊन पूल टाकते, शिड्या उभारते. तिथे तो हवालदार होता आणि गोरा साहेबसुद्धा त्याला 'हवालदार' म्हणूनच हाक मारी. पेन्शन घेऊन तो कल्याणात आला, गावाबाहेर महारवाड्याच्या टोकाला घर बांधून राहिला, आणि गावाने त्याचा 'धाक्या' करून टाकला. या हाकेला तो ओ देत नसे. भर बाजारात 'ए धाक्या, ए धाक्या' करून लोकांचे घसे बसत, हा आपला मिशा वर करून नाकासमोर चाललेला. तोफांच्या आवाजाने बिचाऱ्याचे कान गेले, अशी गावाची समजूत होती. मी पुटपुटल्यासारखे 'हवालदार' म्हटले की रस्त्याच्या पलीकडून त्याची मान वळे.

गोड बोलणे त्याला जमतच नसे. आमच्या कचेरीत पत्रे लावायचे लाकडी कप्पे त्याने केले. "वा हवालदार, सुरेख झाले!" मी म्हटले. तो म्हणाला, "नसतं झालं तर तुमी घेतलं असतं का?" कप्पे त्याने मागच्या अंगणात केले, आणि ते आत नेताना आमच्या शिपायाने त्यांच्यावर घागरभर पाणी ओतले. शुद्ध झालेले लाकूड वाळेपर्यंत टपाल जमिनीवर पडून राहिले. धाकू लांब उभा राहून बघत होता. त्याने फक्त एवढेच विचारले, "पत्रं लिवणारे कोन कोन हाईत, ते बघून घेता का?" शिपायाला प्रश्न कळला नाही. मला कळला, आणि मी हसलो. विनोद चांगला होता.

धाकू श्रीपादभटांच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला, गटारापलीकडे. भटजी खिडकीत. मी ओट्यावर चढायला गटारात टाकलेल्या दगडावर.

"ए धाक्या, जमेल का रे?" भटजींनी विचारले.

धाकू गटाराकडे पाहत राहिला.

"धाक्या! ऐकू येतंय का?"

"हवालदार," मी म्हटले, "भटजी विचारतात, जमेल का?"

"जमंल की. एवढा पूल तर कवायतीत टाकायचो."

त्याने सागाच्या तीन फळ्या केल्या, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. कडांना खाचा, खाचांना तेल. मागची मूठ ढकलली की एकीतून एक बाहेर पडत पडत फळी थेट टांग्यापाशी जाई आणि ओढली की मुकाट आत येई. कडेला बोटभर उंच पट्टी, म्हणजे पेला घसरायचा नाही. पहिल्या दिवशी त्याने तिच्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवून ती तीन वेळा बाहेर-आत केली. एक थेंब सांडला नाही. भटजींनी टाळी वाजवली.

"मजुरी काय घेणार, विचारा त्याला," ते मला म्हणाले.

"मजुरी नको," धाकू म्हणाला. "येक शबूद पायजे."

हा शब्द काय होता ते कळायला दुकानाच्या मागच्या अंगाला जायला हवे. मागे कुंपण होते आणि कुंपणाला दोन करवंट्या टांगलेल्या असत. महारवाड्यातले कोणी दूध मागायला आले तर त्याने करवंटी जमिनीवर ठेवायची आणि लांब सरायचे. भटजी वरून धार धरायचे, आत जायचे, मग त्याने पुढे येऊन उकिडवे बसून प्यायचे. धाकूची बायको सखुबाई गवताचा भारा विकायला रोज या रस्त्याने जाई. तापातून उठली होती तेव्हा एकदाच तिने असे दूध घेतले. भटजींची धार चुकली, दूध करवंटीत कमी आणि तिच्या लुगड्यावर जास्त पडले, आणि ओट्यावरून वाकून पाहणारी गिऱ्हाइके मोठ्यांदा हसली. त्या दिवसापासून सखुबाई दुकान आले की भारा पुढे ओढून घेई, म्हणजे दुकान दिसायचे नाही.

"तिला म्या सांगितलंय," धाकू म्हणाला, "टांग्यातल्या मानसांवानी तुला दूध पाजीन. येक डाव. म्होरल्या खिडकीतनं, फळीवरनं, उभ्यानं. बस. दुसरं काय नगं."

भटजी विचारात पडले. "हाताला हात लागणार नाही ना?"

"मंग फळी कशापायी केली?"

"अहो द्या ना भटजी," मी मध्ये पडलो. "तुमचे पेले वाचले, चरवी वाचली, तुम्ही स्वतः वाचलात!"

"दिला शब्द," भटजी म्हणाले. "दिवाळी होऊ दे. पाडव्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी ये तिला घेऊन. मास्तर साक्षीदार."

फळीचे गावात फारच कौतुक झाले. पोरांनी तिचे नाव 'श्रीपादभटाची जीभ' ठेवले, कारण टांगा दिसला की दुकान लांबलचक जीभ काढी. टांगे रांगेने उभे राहू लागले. नाव मलाही फार आवडले. मी ते ठाण्याच्या कचेरीत सांगून तिथेही हशा पिकवला.

पण दिवाळी यायच्या आधीच एक गंमत झाली. जी मंडळी पूर्वी ओट्यावर चढून हाताने पेला घेत, तीही आता गटारापलीकडे उभी राहून फळीवरून घेऊ लागली. सोवळ्यातल्या एक काकू तर दर्शनाला आल्यासारख्या येत. "किती सोय केलीत हो भटजी! कोणाचा हात नाही, कोणाची सावली नाही. असली फळी घरोघर हवी." कोणी म्हणाले, विहिरीवर लावा. कोणी म्हणाले, शाळेत लावा. मी ही बातमी धाकूला हौसेने सांगायला गेलो. तो वाकस घेऊन बाजेचा पाय तासत होता. त्याचा हात थांबला.

"ती लांबच्याला दूध पोचवायला केलीय," तो म्हणाला. "लांब ऱ्हायला न्हाई."

"अरे, सोय ती सोय!" मी म्हटले.

त्याने पुन्हा तासायला सुरुवात केली. जरा जोरानेच.

पाडव्यानंतरचा बाजार आला. मी मुद्दाम ओट्यावर जाऊन बसलो, पेला घेऊन. साक्षीदार ना मी! दोन टांगे उभे होते. आणि रस्त्याने धाकू आला. अंगात पलटणीचा कोट, त्यावर बिल्ला, मिशांना तेल. मागे सखुबाई. भारा तिने कोपऱ्यावर उतरवून ठेवला होता. हिरवे लुगडे नेसली होती, घडीच्या खुणा दिसत होत्या. दुकानासमोर आल्यावर डोक्यावर भारा नसतानाही तिचा हात सवयीने वर गेला आणि तिने तो खाली घेतला. दोघे टांग्यांच्या रांगेत, टांग्यांच्या मागे, नंबर धरून उभी राहिली. टांगे गेले. त्यांची पाळी आली.

"भटजी," धाकू कवायतीच्या आवाजात म्हणाला, "येक दूध."

जीभ बाहेर आली. पहिली फळी, दुसरी, तिसरी. सखुबाईने दोन्ही हात पुढे केले.

फळीवर करवंटी होती.

दूध तेच होते, केशरसुद्धा घातलेले. करवंटी भरलेली होती आणि एक थेंब सांडला नव्हता.

सखुबाईचे हात तसेच राहिले. मग तिने ते पदरात गुंडाळले. तिने दुकानाकडे पाहिले नाही, भटजींकडे नाही, माझ्याकडेही नाही.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली, "गवात सुकतंय."

आणि ती कोपऱ्यापर्यंत गेली, भारा उचलून डोक्यावर घेतला आणि तो पुढे ओढला.

धाकू उभाच होता. मला वाटले, आता करवंटी गटारात जाणार. त्याने तसे काही केले नाही. फळीच्या टोकाला तळवा लावला आणि ती आत सारली, हळूहळू, तिसरी दुसरीत, दुसरी पहिलीत, थेट करवंटी श्रीपादभटांच्या नाकासमोर जाऊन थांबेपर्यंत. दुधावर साधी लाटसुद्धा उठली नाही. मग टाच फिरवून तो निघून गेला.

भटजींना फार लागले. "पाहिलंत मास्तर? शब्द दिला, शब्द पाळला. आणि त्या कुंपणावरची नाही हो, नवी कोरी करवंटी! सकाळी तिच्यासाठी मुद्दाम नारळ फोडला मी!"

मागून नवा टांगा येऊन थांबला होता. "भटजी, फळी आधी धुवा, मग आमचं द्या!" आतून कोणी ओरडले. "पण लवकर, भरती उतरतेय!"

भटजींनी फळीवर कळशी उपडी केली. माझ्या पेल्यात अर्धे दूध उरले होते. चांगले होते. मी ते संपवले.

त्या दिवसापासून गिऱ्हाइकांची खात्री पटावी म्हणून भटजी फळी रोज सकाळ-संध्याकाळ धुऊ लागले. सागवान झाले तरी किती पाणी पिणार! खाचा फुगल्या. एके दिवशी फळी अर्धी बाहेर येऊन जी अडकली ती ना पुढे, ना मागे. भटजींनी गावातला सुतार आणला. त्याने हातोडी मारून मूठ तोडून दिली. आता दुकान दिवसरात्र जीभ काढून उभे. टांगेवाले चेष्टा करीत, येणारी-जाणारी पोरे तिच्याकडे बघून आपल्या जिभा काढीत, आणि पेले पुन्हा गटारात जाऊ लागले. सोवळ्यातल्या काकूंनी तर दुकान सोडले.

"तुमचं ऐकतो तो," भटजी मला म्हणाले. "तुम्ही जा. हवं तर हवालदार म्हणा."

मी गेलो. धाकू अंगणात शिडीच्या पायऱ्या बसवत होता. सखुबाई दारात तांदूळ निवडत होती. मला पाहून सूप उचलून आत गेली. मी आपला नेहमीप्रमाणे कुंपणाबाहेर उभा राहिलो.

"हवालदार, चल बाबा," मी म्हटले. "दुकान सगळ्या गावाला वेडावून दाखवतंय. परवा गावातल्या एका बड्या असामीला दाखवली जीभ!"

तो हसला नाही. मी आणखी दोन-तीन विनोद केले. एरवी बरे वठतात. मग मी समजुतीच्या सुरावर आलो.

"हे बघ, मी साक्षीदार होतो, खरं तेच बोलणार. तू म्हणालास पुढच्या खिडकीतून, त्यांनी दिलं. फळीवरून म्हणालास, फळीवरून दिलं. उभ्यानं म्हणालास, कोणी बसा म्हटलं का? पेल्याचं तू काही बोलला नव्हतास. शब्द काही मोडला नाही त्यांनी."

तो पायरी बसवत राहिला.

"आणि दूध तेच होतं ना? तेच केशर! ते पेल्यात काय आणि करवंटीत काय, हवालदार, चवीत काही फरक पडतो का?"

धाकूने पायरी ठोकून पक्की केली, हाताने हलवून पाहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"मंग उद्यापास्नं तुमी करवंटीतनं प्या, मास्तर."