एका क्लिकमध्ये कैलासवासी

माझ्या सासऱ्यांना मी त्यांच्या पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी कैलासवासी केलं. तब्येत ठणठणीत होती.

झालं असं, अप्पांच्या सत्कारासाठी घराण्याची पुस्तिका काढायची ठरली आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "पानं मी लावतो." (शिकून जेमतेम आठवडा झाला होता, पण जावयाने हे सासुरवाडीत सांगायचं नसतं.) पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅराग्राफ स्टाईल नावाची भन्नाट सोय असते. अक्षर केवढं, चौकट कसली, नावाआधी काय छापायचं, सगळं एकदाच ठरवायचं. मग एक क्लिक केला की अख्खा परिच्छेद नटून तयार! मी दोन स्टाईल केल्या, 'हयात' आणि 'दिवंगत'. दिवंगताला काळी चौकट आणि नावाआधी आपोआप 'कै.'.

आता सासरचं घराणं पडलं बडोद्याच्या जुन्या फौजेतलं, म्हणजे गेलेली मंडळीच जास्त. म्हटलं, एकेक कशाला, सगळ्यांनाच 'दिवंगत' लावू आणि जिवंत तेवढे मग बाहेर काढू. दुसऱ्या पानापासून भराभर काढलेही. पहिल्या पानावर उत्सवमूर्ती एकटे होते. ते आतच राहिले. आणि पुस्तिका मी निमंत्रण म्हणून अप्पांच्या मांजलपूरच्या सोसायटीच्या ग्रुपवर धाडली.

तासाभरात शेजारचे रमेशभाई पांढरे कपडे घालून दारात हजर. दार अप्पांनीच उघडलं.

"काय हो, कोण गेलं?"

रमेशभाईंनी अप्पांकडेच बघत हात जोडले. "तमे."

माझी बायको संध्या आतून कडाडली, "अहो, अप्पांना मारलंत?"

"मारलं नाही गं. स्टाईल लागली."

अप्पांनी उद्याचा फेटा शांतपणे कपाटात ठेवला. "मेलेला माणूस सत्काराला कसा जाणार? हॉल रद्द करा." सासूबाई कधीपासून त्या दिवसाची वाट बघत होत्या, आणि मीच त्यावर पाणी फिरवलं होतं.

मी पाय धरले, तेव्हा त्यांनी अट घातली. "जावईबापू, मला 'हयात' करा आणि त्या चौकटीत तुमचं नाव घाला. त्याच ग्रुपवर पाठवा. बघू, तुमच्यासाठी कोण धावतं."

सत्कार वाचवायचा तर मरणं भाग होतं. एक क्लिक केला आणि गेलो.

दुसऱ्या दिवशी अप्पा फेटा बांधून थाटात मंचावर बसले. माझ्यासाठी पांढरे कपडे कोणीच घातले नाहीत. रमेशभाईंचा तेवढा मेसेज आला: "जमाई, या वेळेला बॉर्डर एकदम सरस आवी छे."