पप्पांनी न केलेली सही

माझ्या बापानं एक सही केली नाही, म्हणून मी शिक्षिका झाले नाही.

आज पप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. सकाळपासून मेसेज येतायत, ‘किती प्रामाणिक माणूस होता.’

होता. त्याची किंमत मला माहीत आहे.

पप्पा, म्हणजे शामुवेल मिस्त्री, कळमनुरीच्या बाजारात स्टोव्ह दुरुस्त करायचे. तरुणपणी बाप्तिस्मा घेतलेला. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेला सगळ्यांच्या आधी हजर.

अठ्ठ्याण्णव साली मी बारावी झाले. डी.एड.ला जायचं होतं. शाळेतल्या गुरुजींनी आजोबांच्या कागदावरची जात बघून माझ्या टी.सी.वर ‘हिंदू मांग’ लिहिलेलं. म्हणजे एस.सी.चा दाखला निघणार, त्यावर अॅडमिशन पक्कं. फक्त वडलांचं शपथपत्र हवं होतं.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बहुतेकांनी तसंच केलं होतं. चर्चमध्ये एक धर्म, कागदावर एक. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

तहसीलसमोर टाईप करणाऱ्या भाऊंनी कागद वाचून दाखवला. “मी धर्माने हिंदू असून...”

“थांबा,” पप्पा म्हणाले. “हे खोटं हाये.”

“मिस्त्री, नुसता कागद हाये. देवाला काय कळून राहिलंय?”

“त्यालाच तर कळतं.”

“अन् पोरीचं काय?”

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग कागद परत दिला. सही न करता.

बसस्टँडपर्यंत मी रडत आले. म्हटलं, “पप्पा, गावातल्या हॉटेलात आपला कप अजून येगळाच ठेवतेत न्हाई का? बाप्तिस्म्यानं तो कप बदलला का? मग दाखलाच काहून सोडायचा?”

ते गाडीची पाटी बघायला पुढं गेले.

मला आजही चीड येते. त्यांचीही, आणि त्या नियमाचीही. देव बदलला तर जात गेली, असं कागद म्हणतो. गाव म्हणत नाही. खरं बोलणाऱ्याचंच नुकसान होईल, अशी ही सोय कुणी केली?

ओपनच्या लिस्टमध्ये माझं नाव लागलं नाही.

त्याच वर्षी मंडळीतल्या एका काकांची मुलगी दाखल्यावर डी.एड.ला लागली. माझी मैत्रीण. आज ती मुख्याध्यापिका आहे, आणि चांगली आहे, मनापासून शिकवते. तिच्यावर माझा राग नाही.

लग्न होऊन मी वसमतकडं एका गावात गेले, तिथं अंगणवाडीची मदतनीस झाले. लेकरांची खिचडी शिजवते.

पप्पांशी मी कित्येक महिने बोलले नव्हते. नंतर बोलायला लागले, पण ‘जेवलात का’, ‘औषध घेतलं का’, एवढंच.

दोन हजार सातला त्यांच्या किडन्या गेल्या. मी माहेरी आले. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपले.

“रूथ, तवा माझं चुकलं का गं?”

नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. मरणाच्या दारातल्या माणसाला कुणीही नाही म्हणालं असतं.

“व्हय पप्पा,” मी म्हटलं. “माझ्यापुरतं चुकलं.”

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, मी काय करून बसले.

मग त्यांनी माझा हात धरला.

“बरं झालं बोललीस. बाकी समदे मला बराबरच म्हणतेत.”

त्यानंतर दहाव्या दिवशी ते गेले. दफनाच्या वेळी, मुलीच्या दाखल्यासाठी सही केलेल्या त्याच काकांनी भाषण केलं, ‘शामुवेलभाऊंसारखं खरं जगलं पाहिजे.’ सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही.

पप्पा, राग गेलेला नाही. गेला असं लिहिलं, तर तुम्हालाच आवडणार नाही.

पण त्या दुपारसारखं माझ्याशी पुन्हा कुणी बोललं नाही.

प्रभूजवळ निवांत राहा. तुमच्या रूथचा नमस्कार.