काठोकाठ भरलेली बॅटरी

ये, अशी जवळ बस. आणि आधी सांग, फोनवर माझ्या लेकाला "हो रे, मावशीला समजाव" असं म्हणालीस की नाही? म्हणालीस! माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी तू, आणि मला न विचारता माझी गाडी विकायला निघालीस?

सहा वर्षं झाली या इलेक्ट्रिक गाडीला. आधी एका चार्जिंगमध्ये मुलुंडहून बोरिवलीला, तुझ्या आईकडे, चार फेऱ्या व्हायच्या. आता तीन होतात. एवढ्यावरून लेक म्हणतो, "आई, बॅटरी गेली. तू रोज पळवतेस, मग वाट लागणार नाही तर काय!"

वापरून संपते म्हणे. मग काय ओवाळायला आणली होती?

गाडी घ्यायला एकजण आलाही. साल विचारलं, किलोमीटर बघितले, ओठ मुडपले. आत बसलासुद्धा नाही मेला. असं डोकं फिरलं माझं!

अगं, तुझ्या आईला रिक्षात चढता येत नाही. दर गुरुवारी मी तिला मार्वेच्या किनाऱ्यावर नेते, जेट्टीजवळ गाडी लावते. ती पुढच्या सीटवर बसूनच शेंगदाणे खात मनोरीची बोट बघते. घराबाहेर पडायचा तिचा तेवढाच दिवस. गाडी गेली की तिचा गुरुवार गेला. हे तुम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग मी एकटीच गेले सर्व्हिस सेंटरला. तिथल्या मुलीने कॉम्प्युटर लावला आणि विचारलं, "आजी, रोज शंभर टक्के चार्ज करता?"

"मग! अर्धवट कशाला?"

आमच्याकडे पाणी सकाळी तासभर येतं. पिंप, बादल्या, कळशी, सगळं काठोकाठ भरल्याशिवाय मला चैन पडत नाही. गाडीही तशीच भरायची. माझा हात मोडला तेव्हा तर अख्खा उन्हाळा ती कंपाउंडमध्ये उन्हात उभी, आणि लेक दर रविवारी येऊन फुल करून जायचा. "असू दे गं भरलेली," म्हणायचा.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "वयाने बॅटरी थोडी उतरतेच आजी, वापरानेही थोडी. पण फुल भरून उन्हात उभी ठेवलेली तिला जास्त बाधते. रोजच्याला ऐंशी टक्के पुरे, आणि सावलीत लावा. चांगली चालतेय अजून."

बघ! आणि इतके दिवस बोलणी कोणाला? मला, चालवते म्हणून!

लेकाला सांगितलं तर उसळला, "म्हणजे मी वाट लावली?"

"दोघांनी मिळून रे. माझं पिंप, तुझा रविवार. पण चावी माझ्याकडेच राहणार."

मग जाता जाता पुटपुटलाच, "तीनच फेऱ्या तर जाते."

तीनच! मला बोरिवलीची आठवड्याला एकच लागते. बाकी भाजी, बँक, दवाखाना, सगळं इथल्या इथे. आता सोसायटीशी भांडून मी पत्र्याखालची जागा मिळवलीय आणि ऐंशीला प्लग काढते. हात शिवशिवतो भरायला, पण काढते.

तुझ्या आईला हे विकायचं काही बोलू नकोस हं, उगाच घाबरेल. आज तू उभ्या उभ्या आलीस, हे काही येणं नाही. एखाद्या गुरुवारी सुट्टी काढून ये. मागची सीट रिकामीच असते. लवकर ये गं.